खरकट्याच्या तीन बादल्या

१

ईस्टरच्या सकाळी चर्चच्या घंटा वाजत होत्या आणि त्याच वेळी देयानिराच्या गोठ्यात सात डुकरं मरून पडली होती.

देयानिरा माझी कोमाद्रे. तिच्या थोरल्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी मी हातावर घेतलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकींना याच नावाने हाक मारतो. नुसत्या नावाने हाक मारली, तर दोघींचं बिनसलंय असं गाव समजतं.

मी पोचले तेव्हा ती कुंपणाशी जमिनीवर बसली होती. नवऱ्यामागे वीस वर्षं तिने या डुकरांवरच काढली. रोज दुपारी गावातल्या तीन खानावळींमधून उष्ट्या-खरकट्याच्या बादल्या हातगाडीवर आणायच्या, पिंपात उकळायच्या आणि जनावरांना घालायच्या. उकळलेलं आधी स्वतःच्या जिभेला लावायचं आणि मगच दोणीत ओतायचं, हा तिचा नियम. "जे माझ्या तोंडात जाणार नाही ते त्यांच्याही नाही," असं ती म्हणते. गाव त्यावरून तिची टिंगल करतं. तिची डुकरं मात्र वीस वर्षांत कधी आजारी पडली नव्हती.

"अकरा होती," ती म्हणाली. "चार राहिलीत."

त्या चारांकडे बघवत नव्हतं. एक जण भिंतीला डोकं लावून उभा होता, जणू भिंत ढकलून पलीकडे जायचंय. दुसरा गोल गोल फिरत होता. तिसरा कुत्र्यासारखा मागच्या पायांवर बसला होता. गाभण डुकरीण आडवी पडून मान मागे टाकत होती. मी तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला, तर पापणीसुद्धा हलली नाही.

तेवढ्यात नगरपालिकेचे आरोग्य निरीक्षक बोनिया साहेब आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, तोंडावर पट्टी. ते कुंपणाच्या आत आलेच नाहीत.

"हा ताप असू शकतो, बाई. साथीचा," ते म्हणाले. "मंगळवारी दुपारी बारा वाजता मी सुया घेऊन येईन. उरलेली चारही मारून जाळावी लागतील. आणि आजपासून खानावळींचं खरकटं उचलणं बंद."

"साहेब, ती गाभण आहे."

"म्हणूनच दोन दिवस दिले. कशाने मेली ते तोवर मला कोणी दाखवून दिलं, तर बघू."

ते गेले. देयानिराने माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"ताप नाही हा, कोमाद्रे. विष आहे, आणि ते पाण्यात आहे. शनिवारभर ती नुसती ओरडत होती, भिंतीची ओल चाटत होती. एरवी पातळ खरकट्यावरच त्यांचं पाणी भागतं, पण आज पहाटे मी पाटाचं पाणी सोडलं. ज्यांनी पोटभर प्यायलं, ती अर्ध्या तासात तडफडून गेली. माझ्या डोळ्यांदेखत! मग मी पाट बंद केला. ही चार पाण्यापर्यंत पोचलीच नव्हती, म्हणून जिवंत आहेत."

पाट वरून येतो, आर्सेसियोच्या खानावळीच्या परसातून. आणि आर्सेसियोने तीनच आठवड्यांपूर्वी भर चौकात सांगितलं होतं, की या बाईच्या डुकरांचा वास त्याच्या गिऱ्हाइकांच्या नाकात जातो, आणि एक दिवस तो त्याचा बंदोबस्त करील.

२

सोमवारी सकाळी मी निघाले. या तिन्ही खानावळींच्या चुलींपुढे मिळून माझी चाळीस वर्षं गेली आहेत. कोणाची चूल कुठे धुरकट आहे ते मला ठाऊक. पोलिसांसारखे प्रश्न मला जमत नाहीत. मी ठरवलं की तिघांना एकच गोष्ट विचारायची: तुम्ही उष्टं वेगळं का काढता?

यात काही नवल नाही असं वाटेल. पण गर्दीच्या वेळी, हातात दहा ताटं असताना, हाडं एकीकडे आणि कागद, झाकणं, काड्या दुसरीकडे टाकणं सोपं नसतं. कोणी उगाच करत नाही. आणि माणूस ज्या कारणासाठी वेगळं काढतो, तसलीच त्याची बादली भरते, हे मी पाहिलेलं आहे.

पहिली नुबिया. ती माझ्या हाताखाली शिकली. तिच्याकडे नऊ टेबलं, त्यातली चार भरली तर तो दिवस चांगला. मला बघून ती रडायलाच लागली.

"मावशी, मी ऐकलं. मला तर रात्रभर झोप नाही. बसा, चहा करते."

मागच्या दारातून ती अंगणात गेली. मोरीचं पाणी तिथे एका उघड्या नालीतून बाहेर जातं आणि नालीच्या काठाला तिने पुदिना लावलाय. हिरवागार, गुडघ्याएवढा. तिने मूठभर खुडला, गरम पाण्यात टाकला आणि वाडगा माझ्यापुढे ठेवला. सगळं अंगण पुदिन्याने दरवळलं.

"तू वेगळं का काढतेस गं?" मी विचारलं.

"हे काय विचारणं? देयानिरासाठी! नाताळाला ती आम्हाला अर्धं डुक्कर देते. माझ्याकडे कामाला असलेल्या दोन्ही बायका वर्षभर त्याचीच वाट बघतात. आम्ही तर बटाट्याची सालसुद्धा निवडून टाकतो, मावशी."

"आठवडा कसा गेला?"

"कसला जातोय! पवित्र आठवड्यात लोक येतील म्हणून खारवलेला सुका मासा भरून ठेवला. अर्धा तसाच पडलाय." तिने डोळे पुसले. "जूनच्या जत्रेला यात्रेकरूंची बस माझ्या दारात थांबली, तर दार उघडं राहील. नाहीतर नाही."

तिथून मी आर्सेसियोकडे गेले. तो कोंबड्या भाजत होता, आणि मी काही बोलायच्या आतच सुरू झाला.

"आली का पोलीस म्हातारी! मीच मारली ना डुकरं? चौकात सगळे तेच म्हणतायत."

"तू बोलला होतास तसं."

"मी काय काय बोलतो! बायकोला रोज म्हणतो घर सोडून जाईन. गेलोय का कुठे?"

"उष्टं वेगळं का काढतोस?"

"दंड लावतात म्हणून! आणखी कशाला? उद्या दंड उठू दे, सगळं एका पोत्यात कोंबतो का नाही बघ." त्याने बादलीवरचं झाकण लाथेने उडवलं. तळाला चार हाडं आणि थोडी सालं, तीही कोरडी ठणठणीत. "उचलणं बंद झाल्यावर आता साहेबाला दाखवण्यापुरतं टाकतो. बाकी देवाच्या हवाली."

"मासा भिजवला होतास का, या आठवड्यात?"

"कोणी नाही भिजवला? गुड फ्रायडेला या गावात मांस विकून बघ. पाणी ओतलं नालीत. ते बघ, गवताची काय दशा झालीय."

त्याच्या नालीकाठचं गवत खरंच पिवळं, जळून गेलेलं होतं. मी तेव्हा नुसतं पाहिलं. डोक्यात काहीच आलं नाही.

मग मी त्याला पाटाचं विचारलं. आर्सेसियो हातातला चिमटा ठेवून परसात गेला, पाटावर वाकला आणि ओंजळ भरून पाणी प्यायला. दुसरी प्यायला. तिसरीही.

"माझी पोरं यात अंघोळ करतात, कुस्तोदिया," तो मिशी पुसत म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "जा. सांग तुझ्या कोमाद्रेला. मी तोंडाचा घाण आहे. हाताचा नाही."

पाणी चांगलं होतं. मग ते पिऊन सात जनावरं का मेली?

३

तिसरी योलिमा. शहरात शिकून आलेली, टेकडीवर बापाची खानावळ चालवते. भिंतींवर झाडं, ताटांत फुलं. गाव हसतं, पण परगावचे लोक येतात.

"उष्टं वेगळं का काढते? माझ्या बागेसाठी, आजी. या, दाखवते."

तिने एका लाकडी पेटीचं झाकण उचललं. आत काळीभोर माती आणि तिच्यात वळवळणारी गांडुळं. तिच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक होतं, की मला तिच्या आईची आठवण झाली.

"चांगली सालं मी यांना घालते. देयानिराबाईंना फक्त भाकरी, भात आणि हाडं जातात. तेही थोडंच. म्हणून तर नगरपालिकेच्या फळ्यावर माझं नाव बहुतेक दिवस सगळ्यात खाली असतं."

"कसला फळा?"

"तुम्ही पाहिला नाही? बोनिया साहेबांनी जानेवारीपासून चौकात वजनकाटा ठेवलाय. देयानिराबाईंच्या गाडीवर चढायच्या आधी प्रत्येकाची बादली तोलतात आणि फळ्यावर लिहितात. ईस्टरपर्यंत ज्याचं वजन जास्त, त्याच्या दारावर हिरव्या पानाची पाटी. आणि जत्रेच्या बसचं जेवण त्याच्याकडे."

मी पेटीत बोट घालणार होते, तिने माझं मनगट धरलं.

"थांबा आजी, हात धुतलात ना? मिठाचा हात लागला तरी मरतात ही. या आठवड्यात मासा भिजवला, तर ते पाणी मी बादल्याबादल्यांनी खाली रस्त्यावर नेऊन ओतलं. इथे थेंब पडू दिला नाही. मीठ त्यांच्या आतलं पाणीच ओढून घेतं हो. बिचारी तहानेने मरतात."

मी माझं मनगट सोडवून घेतलं.

तहान. शनिवारभर ओरडणारी जनावरं. ओल चाटणारी. आणि मला माझ्या आईची डुकरीण आठवली. मी सहा वर्षांची असताना तिने मांस खारवायच्या पिंपातलं पाणी प्यायलं होतं. अशीच आंधळी होऊन गोल गोल फिरत होती. आम्हाला दया आली, आम्ही तिला ओढ्यावर नेऊन पोटभर पाणी पाजलं. ओढ्याच्या काठावरच ती गेली. आई नंतर कितीदा म्हणाली, की घोट घोट द्यायला हवं होतं.

टेकडी मी कशी उतरले ते मला माहीत नाही. गोठ्यात शिरले ती थेट पिंपाकडे. काठाला पांढरी खपली धरली होती. नखाने खरवडून जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"कोमाद्रे, पाणी दे त्यांना! एकेक वाडगं. जास्त नाही. वीस वीस मिनिटांनी."

देयानिरा पाटाच्या तोंडावर आडवी उभी राहिली. "वेड लागलं का तुला? पाण्यानेच मारलंय त्यांना!"

"पाण्याने नाही, मिठाने. पाणी एकदम मिळालं म्हणून गेली. घोट घोट दिलं तर जगतील."

"आणि नाही जगली तर? मी स्वतःच्या हाताने…"

शेवटी वाडगं मीच भरलं. ती तोंड फिरवून उभी राहिली. गाभण डुकरिणीने ते एका ओढीत संपवलं आणि आणखी मागण्यासाठी अशी किंचाळली, की मला कान झाकून घ्यावेसे वाटले. देता येत नव्हतं. जे तिला हवं होतं तेच तिला मारणार होतं. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी तशाच वाडगं भरत आणि थांबत राहिलो.

अंधार पडायच्या आत भिंतीला डोकं लावलेला गेला. तीन राहिली.

देयानिरा म्हणाली, "उद्या बारा वाजता साहेबाला काय सांगणार? तुझ्या जिभेला मीठ लागलं, हे?"

तिचं खरं होतं. मीठ कोणी घातलं, ते त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय साहेब ऐकणार नव्हते. आणि कोणी घातलं, ते मला आता कळलं होतं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

४

मंगळवारी सकाळी मी आधी चौकातला फळा पाहिला. अक्षरं मला हळू लागतात, पण आकडे कोणी शिकवावे लागत नाहीत. मग नुबियाकडे गेले. ती चहाला उठू लागली तर तिला बसवलं.

"तिघांनीही मासा भिजवला, नुबिया. सुक्या माशाचं मीठ काढायला तीन-तीन वेळा पाणी बदलावं लागतं, ते मीच तुला शिकवलं. ते पाणी कुठेतरी जातं. आर्सेसियोने नालीत ओतलं, त्याचं गवत जळलं. योलिमाने रस्त्यावर ओतलं. तू कुठे ओतलंस?"

"नालीतच की."

"तुझ्या नालीकाठी पुदिना आहे. तिथून खारं पाणी गेलं असतं तर त्याची पानं वाळून काळी पडली असती. काल तू मला त्याचाच चहा पाजलास. गोड होता."

तिचे हात एप्रनशी चाळा करायचे थांबले.

"तुझी चार टेबलं भरतात. मार्चमध्ये तुझी बादली रोज अडतीस किलोची होती. पवित्र आठवड्यात अर्धी गिऱ्हाइकं नव्हती, आणि शुक्रवारी बादली एक्याण्णव किलोवर गेली. दोन बादल्या लागल्या असतील. उष्टं इतकं नसतं गं. पाणी जड असतं."

नुबिया अगदी लहान आवाजात म्हणाली, "आधी देयानिरासाठीच काढत होते, मावशी. खोटं नाही बोलले. आठ वर्षं तिच्यासाठीच काढलं. मग तो फळा आला."

"आणि?"

"आणि रोज सकाळी सगळं गाव तिथे उभं राहून वाचायला लागलं. मी दुसरी होते. कधी तिसरी. बुधवारी पहिल्यांदा फक्त दोन डाव घातले. काटा हलला. मग… बस आली असती ना, मावशी. चाळीस माणसं. मी दोघी बायकांना काढून टाकायचं ठरवलं होतं, त्यांना सांगायचं बाकी होतं." ती एकदम माझ्या अंगावर ओरडली, "आणि ती चाखते ना! सगळं गाव जाणतं ती चाखते! खारट लागलं तर ती ओतून देईल, माझी नुसती बादली फुकट जाईल, एवढंच मला वाटलं होतं. तिने का नाही चाखलं?"

उत्तर मला आत्ता, तिथे बसल्या बसल्या सुचलं. गुरुवार आणि गुड फ्रायडे. देयानिराच्या घरात त्या दोन दिवसांत पाण्याखेरीज काही जिभेला लावत नाहीत. आणि त्या बादल्यांमध्ये हाडं होती. मांसाच्या रश्श्याचा थेंबही चालत नव्हता.

तिने उपास मोडला नव्हता.

"मी सांगितलं तर दार बंद होईल माझं," नुबिया म्हणाली.

"हो."

"आणि नाही सांगितलं तर?"

"बारा वाजता सुया."

मी उठले आणि तिला चल म्हणाले नाही. गोठ्यावर परतले, वाडगं भरायची वेळ झाली होती.

५

बाराला दहा कमी असताना बोनिया साहेबांची जीप आली. मागे मदतनीस, त्याच्या हातात पत्र्याची पेटी. देयानिरा गोठ्याच्या दारात उभी राहिली, हात दोन्हीकडे पसरून.

"बाई, बाजूला व्हा."

"ही बघा, आज मान मागे टाकत नाही. उभी आहे. बघा तरी!"

"मला साथीचा धोका घेता येत नाही."

मी मिठाचं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते, म्हणजे ऐकत नव्हते. मदतनिसाने पेटी उघडली.

"साहेब," मागून आवाज आला.

नुबिया होती. स्वयंपाकघरातल्या ओल्या एप्रनवर तशीच आली होती, धावत आल्याने धापा टाकत. तिने साहेबांकडे बघितलं नाही. देयानिराकडे बघून बोलली. सगळं सांगितलं, डावसुद्धा मोजून. किती दिवस, किती बादल्या, कशासाठी. एकदाही रडली नाही.

तिचं बोलणं संपलं. गाभण डुकरीण तेवढी धापा टाकत होती.

"मला वाटलं भूक आहे," देयानिरा हळू म्हणाली. ती कोणाशीच बोलत नव्हती. "शनिवारी ती ओरडत होती, तर मला वाटलं भूक. मी आणखी घातलं. तेच. उरलेलं सगळं, दोन वेळा. आणि चाखलं नाही. दोन दिवस चाखलं नाही मी."

"कोमाद्रे…"

"नको. काही बोलू नकोस."

साहेबांनी तोंडावरची पट्टी काढली. पट्टीमागे ते आणखीच तरुण दिसले. त्यांनी गोठ्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं, पिंपाची खपली बोटाने खरवडली, जिभेला लावली. मग मदतनिसाला पेटी बंद करायला खुणेने सांगितलं.

"ताप नाही, असं लिहितो," ते म्हणाले. "ही तीन राहू देत. पण खरकटं उचलणं चौकशी होईपर्यंत बंदच. आणि तुमची खानावळही, बाई. मला तेवढं करावंच लागेल." त्यांनी पट्टी खिशात घातली. "फळा माझा होता. मला वाटलं, बक्षीस ठेवलं की लोक जास्त काढतील."

"काढलं की," मी म्हणाले.

ते जीपकडे गेले. देयानिरा अजून दारात होती, हात खाली सोडलेले. नुबिया चार पावलांवर उभी.

"जा आता," देयानिरा म्हणाली.

"हो."

"तोंड दाखवू नकोस मला."

"हो."

पण ती गेली नाही. तिची नजर डुकरिणीवर होती. डुकरिणीने कोरडी दोण नाकाने ढकलली, उलटी केली आणि रडल्यासारखा आवाज काढला. देयानिराचा हात आपोआप पाट अडवणाऱ्या फळीकडे गेला. मी तो धरला.

"अजून वेळ आहे," मी म्हणाले.

"किती?" नुबियाने विचारलं.

"अकरा मिनिटं."

नुबिया कुंपणाशी खाली बसली. देयानिराने तिच्यासाठी जागा केली नाही, पण जा असंही पुन्हा म्हणाली नाही. आम्ही तिघी त्या जनावराचं ओरडणं ऐकत बसलो.